पैलं पाणी

"वाढा तिला," पाटील म्हणला. "पी गं."

मी आडाच्या ओट्याखाली उभी होते. कडेवर गोदी, मही लेक, नुकती रांगायला लागलेली. पाटलाच्या गड्यानं ओट्यावरून पोहरा तिरपा केला आन् वरून धार सोडली. एका हातात लेकरू, म्हून मी एकच हात तोंडाला लावला. पाणी गुलाबी होतं. जांभळं खाऊन चूळ टाकावी तसलं. सगळं गाव बघायलं होतं. बाया, बाप्ये, देवळाचा पुजारी बी. मी पेले.

"अजून पी."

अजून पेले. खिळा चाटल्यावाणी तोंड झालं.

"आता बस त्या लिंबाखाली. दिवस मावळंस्तर हलायचं न्हाई."

बसले. काय करता? नवरा पाटलाचा सालगडी. आमच्या खोपटाखालची जागा पाटलाची. पाणी तर गावाचंच. कुण्या तोंडानं न्हाई म्हणणार?

कामून पाजलं ते सांगते. चुडाव्याच्या टेसनावर उतरून पायी यावं लागतं, असं आमचं गाव. निजामाचं राज जाऊन लय दिवस झाले नव्हते. त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात पटकी आली. सकाळी उलटी-जुलाब, सांजच्याला मढं. मंग परभणीहून सरकारी साहेब आला, आडात दवा टाकायला. पायात बूट, डोईवर टोपी, हातात पितळी फिरकीचा तांब्या. जांभळ्या खड्यांची दवा त्यानं पोहऱ्यात कालवली, पोहरा आडात सोडला, वर-खाली वर-खाली हिसळला. सारा आड रंगला. उद्या रंग फिका पडला की खुशाल प्या, म्हणला, ह्या पाण्यानं पटकी येत न्हाई.

पण गाव भेलं. निजामाच्या शेवटच्या धामधुमीच्या दिवसात आडात जहर टाकल्याच्या अफवा ऐकून ऐकून लोकायच्या मनात बसल्या होत्या. त्यात हे रंगीत पाणी. कुणाचा हात पोहऱ्याला लागंना. साहेब समजावून थकला. तवा पाटलाला सुचलं. आधी मांगवाड्यातलं कुणीतरी पिऊ द्या, म्हणला. सांजपर्यंत बघू. जगलं तर गाव पिईल.

जगलं तर. असं म्हणला. मला ऐकू आलं, कारण मी तिथंच होते. रोजच असायचे. मांगाच्या बाईनं ओट्याला शिवायचं न्हाई. खाली घागर मांडून बसायचं आन् 'वाढा माय, वाढा' करायचं. एखादीला दया आली तर ती वरून ओतायची. कधी कधी दुपार व्हायची तरी घागर कोरडीच. त्या दिवशी मात्र मला आधी वाढलं. सगळ्या गावाच्या आधी.

साहेब काही बोलला का, म्हणाल. न्हाई बोलला. देवळाच्या सावलीत बसून त्यानं तांब्याची फिरकी काढली आन् घरून आणलेलं पाणी पेला.

लिंबाखाली मी, आन् भवती गाव. कुणी लांब, कुणी जवळ, पण डोळे सगळ्यायचे मह्यावर. मी खोकले की कुजबुज. पदरानं तोंड पुसलं की, अगं बघा बघा, उलटी व्हायली का तिला. बाया रिकाम्या घागरी घेऊन खोळंबल्या होत्या. मी मरंना बी आन् जगले असं म्हणता बी येईना, म्हून त्यायचा सैपाक अडला होता. एक जण तर वैतागून घरी निघून गेली, हिचं काय खरं न्हाई म्हणत. आता सांगताना हसू येतं. तवा पोट जरा गुरगुरलं की वाटायचं, झालं, लागलं.

आन् गोदी रडायला लागली. भूक लागली होती तिला. पदर वढायली, तोंड घासायली. मी पाजंना. मी पेले ते पेले, पण दवात काही असलं आन् ते दुधातून तिच्या पोटात गेलं तर? महा जीव गेला तर गेला, लेकराचा कामून? मी तिला थोपटलं, खेळवलं, बोट चोखायला दिलं. ती ऐकतीय व्हय. रडून रडून आवाज बसला तिचा. मही सासू, आत्याबाई, लांब मांगवाड्याच्या तोंडाशी उभी होती. मी तिला हाक मारली, पोरीला घेऊन जा, भाकर कालवून चार म्हणलं. ती पुढं आली तर गड्यानं मागं लोटली.

तवा पाटलीण बोलली. तिच्या नजरंतून काही सुटायचं न्हाई. ही लेकराला पाजंना गेली, म्हणली, म्हंजी हिलाच भ्या वाटायलंय. दवात काहीतरी हाय.

पाटील उठून जवळ आला. विटाळ होणार न्हाई एवढ्याच जवळ.

"पाज तिला," म्हणला.

मी मानेनंच न्हाई म्हणले.

"पाज म्हणतो ना. तू पाजलं तर गावाची खात्री पटंल. न्हाईतर आजच खोपट मोडा आन् चालायला लागा."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो खाली जमिनीकडं बघत होता.

मी पाजलं. भर गावापुढं पदर बाजूला सारला आन् लेकराला पाजलं. डोळे मिटून घेतले. गोदी घटाघटा पेली. तिला काय कळतंय, पिऊन झाल्यावर हासली बी. भवतीचे बाप्ये टक लावून लेकराकडं बघायले होते, मरतंय का ते. लाज वाटली. लय वाटली. पण लाजंला बी सवड लागते. मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते, हालायली का, हालायली का, एवढंच.

दिवस मावळला. गोदी जगली, मी जगले. पाटील म्हणला, दवा चांगली हाय. सगळ्या घागरी एकदम आडावर तुटून पडल्या. मही घागर सगळ्यात शेवटी भरली.

मह्या सासऱ्यानं साहेबाला हात जोडले. आमच्या झिऱ्यात बी थोडी दवा टाका मायबाप, म्हणला. वाढलेलं पाणी कधी पुरत नसायचं, म्हून मांगवाडा वढ्याच्या वाळूत झिरा उकरायचा आन् वाटी वाटीनं भरायचा. साहेब म्हणला, दवा आडाच्या मापानं आणलेली हाय, झिऱ्यात ती टिकत बी न्हाई, तुम्ही आडाचंच पाणी पीत जा. आडाचंच पीत जा म्हणे. किती सोपं! त्याच उन्हाळ्यात झिऱ्याचं पाणी पिऊन सासरा गेला. सकाळी लागली, दिवसाउजेडी गेला. मांगवाड्यातून अजून माणसं गेली, लेकरं गेली. गावातलं कुणी गेलं न्हाई. मह्या अंगावर आन् मह्या लेकरावर पारखलेलं पाणी गाव खुशाल पेत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब आला आन् पाटलाचा सांगावा बी आला, पैलं पाणी प्यायला ये. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बी. मंग तसा रिवाजच पडला. पोळ्याला पाटलाचा बैल पुढं निघतो ना, तसं आडात दवा पडली की मांगाच्या सुनेनं पैलं पाणी प्यायचं. पाटील त्याला मान म्हणायचा. पैल्या पाण्याचा मान तुमचा, म्हणायचा, आन् सांजच्याला चोळीचा खण द्यायचा. आमच्यातल्या काही जणायला बी तो मान वाटायला लागला. महा नवरा चारचौघात सांगायचा, आमच्या घरानं पेल्याबिगर गाव पीत न्हाई. काय पण मान! आत्याबाईनं त्यातला एक बी खण शिवू दिला न्हाई. उतरंडीच्या मडक्यात कोंबून ठेवायची. मह्या माणसाचं कफन हाय ते, म्हणायची.

आन् मी काय करत होते? पीत होते. दर साली लिंबाखाली बसत होते. भाकरी थापताना परातीवर राग काढायचा, नवऱ्याला दोन शब्द बोलायचे, आन् सांगावा आला की उठून जायचं. बाहेर पडायला वाटच दिसंना. एका अंगानं नवऱ्याचं काम, एका अंगानं जागा, एका अंगानं पाणी. खुंट्याचं जनावर बी कधी दावं तोडून पळतं. मला दावंच दिसत नव्हतं, तोडणार काय?

मंग एक दिवस मी वढ्यावरून झिऱ्याचं पाणी घेऊन येत होते. बाभळीखाली मांगवाड्यातल्या पोरी खेळायल्या होत्या. गोदी आता परकर नेसायला लागली होती. मी आडोशाला थांबले, म्हणलं बघावं तरी काय चाललंय. मधी एक दगड मांडला होता, तो आड. एक पोरगी मिशीला पीळ द्यायली, ती पाटील. आन् मही गोदी खाली हात पसरून उभी. वरून एकीनं करवंटीतलं पाणी ओतलं. गोदी पेली आन् मातीत मांडी घालून बसली. बाकीच्या पोरी भवती बसल्या, गप, तिच्याकडं टक लावून. बऱ्याच वेळानं एक म्हणली, मर की आता. गोदी म्हणली, थांब ना, सांज होऊ दे. मंग पोरीत भांडण लागलं, आता दुसरीनं प्यायचं म्हून. गोदी काही ऐकंना.

"मीच पिणार," ती म्हणली. "आमच्या घरचा मान हाय."

मी डोक्यावरचं मडकं खाली ठेवलं, न्हाईतर पडलं असतं. पोरीला मारावं वाटलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावं वाटलं. पाटलाचं नरडं दाबावं वाटलं. मरायचा खेळ खेळत होती मही लेक, आन् हासत होती. आमी तिला दुसरं शिकवलंच काय होतं? आजा झिऱ्याच्या पाण्यानं मेला, ते तिला कुणी सांगितलं न्हाई. खणाचं सांगितलं, मानाचं सांगितलं. तिच्या गळ्यात आमीच ते बांधत होतो. तवा मला दावं दिसलं.

त्या साली साहेब नवा आला, पण तांब्या तसलाच. त्याच्या आधी टेसनावरून बातमी आली होती, कायदा झाला म्हून. आड, देऊळ, हाटेल, सगळं सगळ्यायला खुलं. बातमी गावात आली तशी निघून बी गेली, ओटा होता तिथंच होता. मला सांगावा आला. न्हाई म्हणायचं तर सगळ्या गावापुढंच म्हणायचं, असं मनाशी धरून मी निघाले. नवरा संगं होता, त्याला काही सांगितलं नव्हतं. गोदी मागं मागं उड्या मारत आली.

आडाभवती गाव जमलेलं. पाटलीण नातीला कडेवर घेऊन उभी. पाटलानं मला खालीवर बघितलं आन् मान हलवली. आता तू जुनी झाली, म्हणला. दर साली पिऊन पिऊन दवा तुह्या अंगात मुरली, तुला काय व्हायचंय? तुह्यावर इसंबून आता चालायचं न्हाई. असं म्हणून त्यानं गोदीकडं बघितलं.

"ह्या वक्ताला पोरीला पाज. लहानपणी बी तिच्यावरच खात्री पटली होती."

त्याच्या ध्यानात होतं. इतक्या वर्सांनी, बरोबर ध्यानात होतं.

गड्यानं पोहरा उचलला. आन् गोदीनं दोन्ही हात जोडून ओंजळ पुढं केली. कुणी सांगायच्या आधी. हासत.

मी तिचे हात धरून खाली केले.

"ती न्हाई पिणार," मी म्हणले. "मी बी न्हाई."

पाटलाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं न्हाई. नवरा मागून पदर वढायला लागला, पाया पड, पाया पड. मी वाकले न्हाई. आवाज चिरकत होता, पण आता सुटला तो सुटलाच.

"पाटील, आमचं तोंड तुमच्या पाण्याला चालतं. आमचा जीव चालतो. मंग हात कामून चालत न्हाई? आन् पारखायचंच असंल तर नात हाय की तुमच्या घरची. तिला पाजा. सांजपर्यंत मी बघत बसते."

पाटलिणीनं नातीला पटकन पदराखाली घेतलं. घेणारच. कुणीबी घेतलं असतं. मी तरी त्या दिवशी लिंबाखाली दुसरं काय करत होते?

गडी मह्या अंगावर धावून आला. साहेब मधी पडंल असं मला वाटलं. मी त्याच्याकडं वळले, म्हणले, साहेब, दवा तुमची हाय, पैलं पाणी तुमीच प्या. साहेबानं तांब्या ह्या हातातून त्या हातात घेतला.

"बाई, हा तुमच्या गावचा प्रश्न आहे," तो म्हणला.

पाटलानंच गड्याला मागं घेतलं. हात उचलायची त्याला गरज नव्हती. मांगवाड्याला आजपासून पाणी बंद, म्हणला. मह्या नवऱ्याला काम बंद. पावसाच्या आत खोपट हलवायचं. आमी निघालो. वळून बघितलं तर गाव आडाभवती तसंच उभं. आडात पाणी, हातात घागरी, आन् पैला घोट घ्यायला कुणी पुढं येईना. गावाला तहानलेलं मी तवा पैल्यांदा बघितलं.

घरी आल्यावर नवऱ्यानं मारलं. खोटं कामून सांगू? मारता मारता तोच रडायला लागला. मांगवाड्यातली म्हातारी माणसं येऊन बसली. पाटलाचे पाय धर, म्हणली, एका घोटानं काय व्हतंय, सगळ्या वाड्याला तहानं मारतीस का? त्यायचं बी काय चुकलं? झिरा आटत आला होता. वाटीभर गढूळ पाण्यासाठी बाया दिवसभर वाळूत बसायच्या आन् मला शिव्या मोजायच्या. मी ऐकून घ्यायचे. मनात यायचं, जावं, पाय धरावं, पिऊ द्यावं पोरीला, मरत तर न्हाई ती. मंग तिची ती हासत पुढं केलेली ओंजळ डोळ्यापुढं यायची आन् पाय उचलायचाच न्हाई.

आत्याबाईला घेऊन मी आगगाडीनं परभणीला गेले, कचेरीत. तिथल्या बाबूनं सगळं ऐकून घेतलं, त्याला मी नावं ठेवत न्हाई. कायदा तुमच्या बाजूनं आहे, म्हणला, तुम्ही आडावर जा आणि पाणी भरा, कुणी अडवलं तर मग या. बाहेर आलो तर आत्याबाई भडकली. जा आन् भरा म्हणायला ह्याच्या बापाचं काय जातंय? आन् भरायचं कशानं? दोर कुठं हाय आपल्याजवळ?

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. खरंच की! साऱ्या गावाचे दोर आमी वळतो. अंबाडी भिजवायची, वाख सोलायचा, पीळ द्यायचा. कासरे, नाडे, दावी, सगळं मांगवाड्याच्या हातचं. आडाचा दोर बी आमचाच. नवा दोर दिला की पाटलीण त्याच्यावर पाणी शिंपडायची आन् मंग तो आडाला चालायचा. दोराचा विटाळ दोन शिंतोड्यानं जायचा, आमचा जन्मात जायचा न्हाई. आन् आडाच्या पाण्याला पोचंल असा एक बी दोर आख्ख्या मांगवाड्यात नव्हता. ज्यानं कधी शेंदलंच न्हाई, तो दोर ठेवील कशाला?

घरी आले आन् वाख काढला. पाटलाचा माणूस तवाच दोर मागायला आला. बघा निलाजरेपणा. पाणी बंद केलं, काम बंद केलं, पण आडाला नवा दोर मांगवाड्याचाच पाहिजे. दोर वळायले, पण गावासाठी न्हाई, मी म्हणले. तो हासला. मंग तुला कशाला लागतोय, म्हणला. कळंल, म्हणले.

आत्याबाईनं एक टोक धरलं, मी पीळ द्यायला लागले. नवरा दारात बसून बघत होता. त्यानं हात लावला न्हाई आन् अडवलं बी न्हाई. दोर चांगला लांब झाला, दारातून पार बाभळीपर्यंत गेला, तवा आत्याबाई म्हणली, "पोरी, हातपाय मोडतील तुहे."

मोडतील, मी म्हणले, ठावं हाय मला. खोपट जाळतील. हा मला सोडून देईल. कायदा परभणीत हाय आन् काठ्या गावात हायत, ते बी ठावं हाय. तरी उद्या सकाळी, सगळ्या बाया आडावर असताना मी ओट्यावर चढणार. चोरून जाणार न्हाई. मह्या हातानं शेंदणार आन् मला तहान लागली म्हून पिणार. गोदी संगं असंल, ओट्यावर, मह्या शेजारी. खाली वढून पाडलं तर परत चढंन. परत पाडलं तर परत. वाढलेलं पाणी ह्या घरात आता येणार न्हाई.